एका ट्रकची साक्ष

निरवांगीच्या शिवारात, नीरा नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटेच्या कडेला, एका कडुलिंबाखाली एक जुना ट्रक उभा आहे. उभा आहे असे केवळ म्हणावयाचे. चाकांच्या जागी दगड आहेत, हौद्याच्या फळ्या कधीच चुलीत गेल्या आहेत आणि इंजिन फार वर्षांपूर्वी काढून नदीकाठच्या पंपाला जोडले गेले होते. उरला आहे तो लोखंडी सांगाडा, केबिन आणि पुढचे चपटे, चौकोनी बॉनेट. या बॉनेटवरून जाणकार मनुष्य लांबूनच सांगतो की, ही बेडफर्ड कंपनीची युद्धकाळातील तीन टनी लष्करी गाडी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या एका कंपनीने सुमारे अडीच लाख लष्करी गाड्या तयार केल्या. त्यांतील एक निरवांगीच्या कडुलिंबाखाली यावी, यात नवल वाटण्याजोगे खरे तर काही नाही.

या ट्रकचे मालक आज ऐंशीच्या घरातले आहेत. त्यांच्या वडिलांनी हा ट्रक युद्ध संपल्यावर ‘डिस्पोजल’मध्ये घेतला. सरकारने शिल्लक लष्करी माल विकायला काढला, तेव्हापासून हा इंग्रजी शब्द त्या पिढीच्या मराठीत जसाच्या तसा रुळला. घरात या ट्रकचे नाव ‘बर्माची गाडी’ असेच आहे. वडील सांगत की, ही गाडी ब्रह्मदेशाच्या लढाईत होती, जपान्यांच्या गोळ्या हिने खाल्ल्या आहेत. केबिनच्या पत्र्याला दोन भोके आहेत, तीही घरातील मुलांना हौसेने दाखविली जातात.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा नातू माझ्याकडे आला. तो पुण्याला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रणगाडा संग्रहालय पाहून आल्यापासून त्याच्या डोक्यात हा ट्रक शिरला होता. हे संग्रहालय १९९४ साली लष्कराच्या चिलखती दलाच्या केंद्राने उभारले. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे ब्रिटिश बनावटीचे रणगाडे तेथे रांगेने उभे आहेत. मुलाची इच्छा सरळ होती. ट्रक घासूनपुसून रंगवावा, बॉनेटवर ब्रह्मदेशात लढलेल्या एखाद्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह काढावे आणि प्रजासत्ताक दिनी शाळेच्या मुलांसमोर तो मांडावा. सोबत एक पाटी हवी होती. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. तेव्हा पाटीचा मजकूर मी लिहावा, असे ठरवूनच तो आला होता. ‘या ट्रकने १९४४ साली इंफाळच्या लढाईत भाग घेतला’, एवढे एक वाक्य त्याला हवे होते.

ते वाक्य मी लिहून दिले नाही. का दिले नाही, याचा विचार तेव्हापासून मनात चालू आहे. तो विचार केवळ एका ट्रकपुरता नाही, असे वाटल्यावरून वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम शोध घेण्याच्या रीतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या ब्रिटिश लष्करी गाडीचा पूर्वेतिहास शोधणे हा इंग्लंडमध्ये अनेकांचा आयुष्यभराचा छंद आहे, आणि त्याची शिस्त एखाद्या पुराभिलेखागारात शोभावी अशी आहे. गाडीच्या सांगाड्यावर चासीचा क्रमांक ठोकलेला असतो. केबिनमध्ये धातूची एक छोटी पट्टी असे. तीवर कारखान्याचे नाव आणि सरकारी कराराचा क्रमांक असे. याशिवाय बॉनेटच्या दोन्ही बाजूंस लष्कराचा नोंदणी क्रमांक रंगविलेला असे. या क्रमांकाच्या आरंभी एक अक्षर येई, आणि त्यावरून वाहनाची जात समजे. एल म्हणजे लॉरी, झेड म्हणजे हलका ट्रक, ए म्हणजे रुग्णवाहिका, टी म्हणजे रणगाडा. क्रमांक हाती आला की तो कोणत्या करारातील गाड्यांना दिला होता, हे करारपत्रकांवरून काढता येते. अशी पत्रके इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये जपलेली आहेत.

येथपर्यंतचा मार्ग सरळ आहे; पुढे तो एकाएकी संपतो. करारपत्रक सांगते की, अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतच्या गाड्या अमुक कारखान्याने पुरविल्या. त्यातील एखादी गाडी पुढे कोणत्या तुकडीकडे गेली, कोणत्या आघाडीवर धावली, हे ते सांगत नाही. युद्धानंतरच्या ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत प्रत्येक गाडीचे स्वतंत्र पत्रक ठेवलेले सापडते. सेवेत कधी आली, कोणाकडे होती, कधी विकली, सारे त्यावर असते. परंतु युद्धकाळातील गाडीबद्दल असा कागद सहसा हाती लागत नाही. लढाईच्या धामधुमीत कारकुनाच्या टाचणाला किती आयुष्य असणार! लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात तुकड्यांच्या रोजनिशा आहेत. त्यांत दररोजचा मुक्काम सापडतो, किती लॉऱ्या निघाल्या, किती चिखलात रुतल्या, हे सापडते. पण लॉऱ्यांचा उल्लेख येतो तो संख्येने. अमुक क्रमांकाची लॉरी, असा उल्लेख क्वचितच भेटतो.

मग उरतो तो रंग. जुन्या गाडीवर रंगाचे थर एकावर एक चढलेले असतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासत गेले, तर एकेक थर उलगडत जातो आणि कधी एखाद्या डिव्हिजनचे चिन्ह, तुकडीचा आकडा, दोस्तराष्ट्रांचा पांढरा तारा दृष्टीस पडतो. घाई करणाऱ्याच्या हातून नेमका हाच पुरावा पुसला जातो. त्या मुलाला मी एवढेच म्हटले की, रंगविण्यापूर्वी आपण दोघे मिळून हे करून पाहू.

आम्ही चार रविवार ते काम केले. मिस्सा आटोपून मी जात असे. धातूची पट्टी नव्हतीच. तिच्या जागी चार भोके होती. सर्वांत वर निळा रंग निघाला, त्याखाली विटकरी, त्याखाली कोण्या गूळ व्यापाऱ्याच्या नावाची अर्धी अक्षरे, आणि सर्वांत खाली तो मातकट लष्करी रंग. बॉनेटवर एल हे अक्षर आणि पुढे तीन आकडे लागले. बाकीचे आकडे जेथे असावयाचे, तेथला पत्रा पूर्वी कधीतरी बदलला होता. केबिनच्या पत्र्यावरील दोन भोकांविषयी तर आमच्या गावच्या वेल्डरने पाहताक्षणी निर्णय दिला की, ही आरसा बसविण्याची भोके आहेत. मुलगा हसला. म्हातारे मात्र हसले नाहीत.

“मग माझा बाप खोटं बोलला म्हना की, गुरुजी,” असे ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

माझ्या विचाराला खरी सुरुवात या वाक्याने झाली. इतिहासाच्या शिक्षकाला पुरावा नाही असे म्हणणे सोपे असते. परंतु ज्याच्या वडिलांची स्मृती त्या वाक्याला बांधलेली आहे, त्याला ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘बाप खोटारडा’ असाच ऐकू येतो. सत्याच्या नावाखाली आपण कोणाच्या बापावर आळ घेतो आहोत काय?

संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली. पहिले सुमारे ३९५ साली, दुसरे सुमारे ४२० साली. चांगल्या हेतूनेही खोटे बोलू नये, असे त्यांचे कठोर मत होते आणि पुष्कळांना ते अतिरेकी वाटते. परंतु याच संताने आरंभी एक भेद केला आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. चुकीचे बोलणारा प्रत्येकजण खोटे बोलतो असे नाही, असे ते म्हणतात. जो आपण सांगतो ते खरे मानून सांगतो, तो चुकत असेल, खोटे बोलत नसतो. मनात एक आणि ओठांवर दुसरे असते, आणि ऐकणाऱ्याला फसविण्याची इच्छा असते, तेथे असत्य जन्माला येते.

हा भेद मी म्हाताऱ्यांना माझ्या परीने समजावून सांगितला. त्यांच्या वडिलांना गाडी विकणाऱ्याने काही सांगितले असेल. त्यांनी ते विश्वासाने घेतले, विश्वासाने मुलांना सांगितले. त्यांच्या हातून आज्ञाभंग झाला नाही. पण आता चार रविवार घासून पाहिल्यावर, आम्हाला ठाऊक नाही हे आम्हाला ठाऊक झाल्यावर, तेच वाक्य आम्ही पाटीवर लिहिले तर? शब्द तेच राहतील, बोलणाऱ्याचे मन मात्र बदललेले असेल. बापाच्या तोंडी जे निष्पाप होते, ते माझ्या लेखणीत खोटी साक्ष ठरेल. युधिष्ठिराचे ‘नरो वा कुंजरो वा’ आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, ते याचसाठी. तेथे तर एकही शब्द खोटा नव्हता.

मुलाने यावर एक बिनतोड वाटणारा प्रश्न केला. “सर, नुकसान कोणाचं होतंय? चार पोरं सैनिकांना मान देतील, एवढंच ना?” ट्रकला काही मन नाही, त्याच्या नावावर एखादी लढाई जास्त लिहिल्याने कोणाचे काय जाते?

यावर उत्तर सापडायला मला काही दिवस लागले. युद्धकाळात या गाड्यांनी काय काय वाहिले, हे वाचू लागलो तेव्हा ते मिळाले. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर या लॉऱ्यांनी दारूगोळा आणि शिधा वाहिला, हे खरेच. परंतु ऑक्टोबर १९४३ मध्ये लॉर्ड वेव्हेल व्हाइसरॉय झाले आणि बंगालच्या दुष्काळात अन्नवाटपासाठी त्यांनी लष्कराला जुंपले, तेव्हा लष्कराच्याच लॉऱ्यांतून तांदूळ गेला. त्यापूर्वी, १९४२ साली, भारतातून क्वेट्टा, झाहेदान, मशहद या मार्गाने लॉऱ्यांचा एक ताफा सोव्हिएत हद्दीतील अश्गाबादपर्यंत मदतीचे सामान घेऊन गेला आणि परत येताना पोलंडची अनाथ मुले घेऊन आला. ती मुले काही काळ मुंबईला वांद्र्यात राहिली आणि मग जामनगरजवळ बालाचडीला गेली. पुढे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत झाली, ती १९४८ पर्यंत होती. आपल्यातील वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते गोरे, मराठी शिकू पाहणारे शेजारी आठवतही असतील. सप्टेंबर १९४७ पासून पंजाबात निर्वासितांना सीमेच्या अलीकडे-पलीकडे नेण्यासाठी लष्कराने खास संघटना उभारली, तेव्हाही ट्रकच धावले.

आता निरवांगीचा ट्रक यांपैकी कोठे होता? इंफाळला असेल. तांदूळ घेऊन बंगालमध्ये असेल. किंवा खडकीच्या एखाद्या डेपोत पाच वर्षे नुसता उभा असेल. आपण बेधडक ‘इंफाळ’ लिहितो, तेव्हा आपल्या आवडीची लढाई निवडतो आणि बाकीच्या शक्यता पुसून टाकतो. पॉलिश पेपर घाईने फिरविणाऱ्याने पुरावा पुसावा, तसेच हे आहे. नुकसान होते ते येथे. एकदा एका ट्रकवर हवे ते चिन्ह रंगविले की, पुढच्या शोधकाला त्या गावातल्या खऱ्या चिन्हावरही विश्वास ठेवता येत नाही. जेथे खरोखर लढलेली गाडी उभी असेल, तिचीही साक्ष आपण स्वस्त करून टाकतो. पवित्र अवशेषांच्या बाबतीत ख्रिस्तसभा मोहोरबंद प्रमाणपत्राचा आग्रह धरते, त्यामागे अविश्वास नाही. खऱ्या अवशेषाची लाज राखण्याचाच तो प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या शोधात टोचत राहिली. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय सैन्यात गेले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले रायगड जिल्ह्याचे यशवंत घाडगे, तसेच ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावरून जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणणारे नामदेव जाधव, या दोघा मराठी वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची नावे राहिली. पण त्यांच्यापर्यंत भाकरी आणि काडतुसे पोहोचविणारे लॉरीवाले कोण? रंगूनजवळच्या तौक्यान स्मशानभूमीत ज्यांची थडगी नाहीत अशा सुमारे सत्तावीस हजारांची नावे दगडावर कोरलेली आहेत, ती बहुतांशी भारतीयांची. महाराष्ट्रातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धानंतरच्या संगमरवरी पाट्या चावडीच्या भिंतीत बसविलेल्या आढळतात. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. रोजनिशीतल्या लॉऱ्यांची तीच स्थिती. गाडी आणि गाडीवान दोघांनाही सरकारी दप्तरात एकाच रकान्यात बसविले होते, असे म्हणावेसे वाटते.

पाश्चात्त्य छांदिष्ट एका लॉरीच्या क्रमांकासाठी वर्षानुवर्षे खपतो, याचा मी प्रथम थोडा उपहासच केला होता. आता तो करवत नाही. निदान तो मोघम आकड्यातून एका वस्तूला बाहेर काढू पाहतो. आपल्याकडे माणसांसाठीही एवढा खटाटोप झालेला नाही.

या ट्रकच्या जन्मकथेत आपल्या भागाचेही एक पान आहे, ते जाता जाता नोंदवितो. निरवांगीपासून वालचंदनगर दूर नाही. १९३०च्या दशकात ज्यांनी तेथे साखर कारखाना काढला, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी युद्धाच्या आरंभीच भारतात मोटारी बनविण्याचा कारखाना काढण्याची खटपट केली होती. हिंदी सरकारने त्यांना साथ दिली नाही. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि तिच्या गाड्या बाहेर पडल्या त्या १९४७ साली. तोवर लष्कराच्या लॉऱ्या विलायतेहून, कॅनडाहून, अमेरिकेहून येत राहिल्या. ज्या साम्राज्याने आपल्याला गाडी बनवू दिली नाही, त्याच्या गाडीवर आपण कोणत्या अभिमानाने तिरंगा लावावयाचा, हाही एक प्रश्न आहे. मला स्वतःला तो अभिमान ट्रकविषयी वाटत नाही. चाकाशी बसलेल्या माणसाविषयी वाटतो. १९४२ साली ज्याचे भाऊबंद तुरुंगात होते आणि जो स्वतः सरकारची लॉरी हाकीत होता, त्याच्या मनात काय चालले असेल, हे ना पत्रकात सापडते ना रंगाच्या थरात.

पाचव्या रविवारी मी गेलो, तो पाटी लिहायला नव्हे, म्हाताऱ्यांची समजूत काढायला. ते ओट्यावर बसले होते. बर्माचा विषय मी काढला नाही. वडिलांनी गाडी आणल्यानंतर काय काय केले, एवढेच विचारले. मग दोन तास ते बोलत होते. बारामतीच्या पेठेत गुळाच्या ढेपी नेल्या, कारखान्यावर ऊस नेला, लग्नाची वऱ्हाडे नेली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली, तीही बेडफर्डच होती, हे वडील मोठ्या ऐटीत सांगत, जणू आपल्याच गाडीची बहीण. आणि १९७२चा दुष्काळ. कालव्याचे पाणी ज्या गावांना कधीच मिळाले नाही, अशा उत्तरेकडच्या गावांत पिण्याचे पाणी नेण्यासाठी या ट्रकच्या हौद्यात लोखंडी पिंपे बसविली होती. तेव्हा गाडी ते स्वतः चालवीत. स्टार्टर बिघडलेला होता, हँडल मारून सुरू करावी लागे. एका गावात बायकांनी पिंपाभोवती एवढी गर्दी केली की, एक लहान मुलगी खाली पडली. तिला उचलून त्यांनी केबिनमध्ये बसविले आणि सगळी पिंपे रिकामी होईपर्यंत ती स्टिअरिंगला धरून बसून राहिली होती.

“हे कुठं लिहिलंय का, गुरुजी?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “लिहिलेले नाही. पण हे पाहिलेली माणसे आहेत ना?” त्यांनी तीन गावांतील पाच-सहा नावे सांगितली. नातवाने ती मोबाइलवर टिपून घेतली. पुढच्या आठवड्यात तो मोटारसायकलवरून फिरला आणि त्यांपैकी चौघांना भेटून आला. दोघांना ट्रक आठवत होता. एका आजीबाईंना रंगही आठवत होता, निळा म्हणाल्या. आमच्या पॉलिश पेपरखाली वरचा थर निळाच निघाला होता.

पाटी शेवटी लिहिली. तीवर बेडफर्डचे नाव आहे, युद्धकाळातील बनावट आहे, डिस्पोजलमध्ये खरेदी आहे, एल हे अक्षर आणि ते तीन आकडे आहेत. ‘ही गाडी ब्रह्मदेशाच्या युद्धात होती असे प्रथम मालक सांगत असत’, हे वाक्यही आहे; ‘सांगत असत’ हे दोन शब्द राहावेत की नाही, यावर आजोबा आणि नातू यांच्यात अर्धा तास वाद झाला. आजोबांना ते नको होते. अखेरीस त्यांनीच, “असू द्या, सांगत तर होताच तो,” असे म्हणून रंगाचा डबा पुढे सरकवला. त्याखाली १९७२च्या पाण्याच्या खेपा आणि गावांची नावे आली, तेव्हा पाटीवर जागा उरली नाही.

बॉनेटवर डिव्हिजनचे चिन्ह काढलेले नाही. पुढच्या बाजूस मात्र घासताना अगदी शेवटी एक पिवळे वर्तुळ निघाले, ते तसेच ठेवले आहे. लष्करी गाडी कोणत्या ताकदीच्या पुलावरून जाऊ शकते, हे सांगणारा काळा आकडा अशा वर्तुळात असे. आकडा अर्धा झिजलेला आहे. नातू म्हणतो पाच, मला सहा वाटतो.